नकारपत्रावरची सही

१

कुबड्या आधी सापडल्या, मुलगी नंतर.

शुक्रवारी सकाळी कालव्याच्या दारापाशी कचरा काढणाऱ्या माणसाच्या आकड्यात एक कुबडी अडकली, पाठोपाठ दुसरी. लहान मापाच्या, मुठींना निळी चिकटपट्टी गुंडाळलेल्या. त्याने पाण्यात पाहिलं आणि बोंब ठोकली. दोन तासांनी, बरंच वरच्या अंगाला, बंद पडलेल्या पंपघराच्या पायरीवर मुलगी सापडली. वय तेरा. पायांत लोखंडी पट्ट्यांचे बूट, कपडे कोरडे, नजर पाण्यावर खिळलेली. उचलून नेलं तरी तिने हूं की चूं केलं नाही. त्याला आठ दिवस झाले होते आणि अजून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

कुबड्या पडलेल्या नव्हत्या, टाकलेल्या होत्या. परत चालत जायचंच नाही असं ठरवून टाकलेल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते लगेच ओळखलं आणि शाळेला एकच प्रश्न विचारला. या मुलीचं समुपदेशन चालू होतं, ते का थांबलं? शाळेने उत्तरादाखल एक कागद पाठवून दिला. त्याचं नाव नकारपत्र. पालकांना ही सेवा नको आहे, असा मजकूर आणि खाली आईची सही.

मग काय, गल्लीभर झालं. आईनेच नको म्हटलं. अपंग पोरीचं ओझं झालं असेल. पावाच्या कारखान्यात ती पाकिटं भरायची, तिथल्या बायकांनी डबा खाताना तिच्याशेजारी बसणं सोडलं.

ती शिक्षण कार्यालयाच्या तक्रार विभागात आली तेव्हा टेबलामागे दप्तरबाई होत्या. चौकशीच्या कामाला जाताना त्या शाळकरी मुलांसारखं पाठीवर दप्तर अडकवून जात, म्हणून साऱ्या शाळांनी त्यांना ते नाव दिलं होतं. वय चौपन्न. बोलणं कमी, आणि समोरच्याला बोलू देण्याची सवय जुनी.

"बसा," त्या म्हणाल्या. "हा कागद पाहिलात?"

"पाहिला. वाचता येत नाही मला. सही तेवढी येते. विजेचं बिल म्हणा, दवाखान्याचे फॉर्म म्हणा, घरातलं सगळं लिहिणं-वाचणं लेकच करते." तिने कागदावर बोट ठेवलं. "सही माझीच आहे. पण बाई, नकार माझा नाही."

२

मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक होतं, वेळापत्रकाच्या वर चमचमणारी तीन प्रमाणपत्रं होती आणि त्यांच्या खाली मुख्याध्यापक बसले होते.

"आम्हालाही वाईट वाटतं हो," ते म्हणाले. "पण पालकांनीच लिहून दिल्यावर शाळा काय करणार? आमची शाळा या कामात पहिल्या पाचांत आहे. प्रलंबित प्रकरणं शून्य."

"शून्य कशी? विशेष वर्गात एकतीस मुलं आहेत. समुपदेशक आठवड्यातून एकदा, गुरुवारी येतात. त्या घेतात बारा मुलं."

"म्हणूनच तर. प्रतीक्षा यादी आम्ही प्रलंबित धरत नाही."

दप्तरबाईंनी नकारपत्र टेबलावर ठेवलं. छापील ओळींपुढे गोल, स्वच्छ अक्षर होतं. कारण या ओळीपुढे लिहिलं होतं, 'आता गरज नाही'. तारखेच्या चौकटीत 'गुरुवार, दि. १४'. त्याखाली 'पाल्याशी नाते' आणि पुढे एकच शब्द, 'मुलगी'. एका कोपऱ्यात शाळेचा शिक्का आणि 'पालकांशी बोलणे झाले' या ओळीपुढे लाल खूण.

"ही खूण कुणाची?"

"माझी."

"बोलणं झालं होतं?"

मुख्याध्यापकांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. "फोन केला असणार. लागला नसेल. सही तर होतीच ना खाली?"

"आईचा फोन कारखान्याच्या दारात जमा होतो. तिथे तो दिवसभर वाजत राहिला असता, तरी नोंद राहिली असती. एकही फोन गेलेला नाही, मी पाहून आले." त्यांनी 'मुलगी' या शब्दावर बोट ठेवलं. "आणि हे बघा. नातं विचारलंय. आईने भरलं तर ती 'आई' असं लिहील."

"अहो, आमच्या कारकुनाचं काम असेल. बायकांना लिहिता येत नाही, मग हाच भरून देतो. याने मूल कोण आहे ते लिहिलं. बैल आहे नुसता."

दाराशी फायली घेऊन उभा असलेला कारकून ते ऐकत होता. त्याने फायली खाली ठेवल्या आणि जन्मात पहिल्यांदाच असावं, साहेबांच्या खोलीत आवाज चढवला.

"माझं अक्षर हे नाही आणि हा कागदही आपला नाही!"

३

कारकुनाच्या खोलीत तीन कपाटं होती आणि दोघांपुरती हवा.

"भाऊसाहेब, राग गिळा आणि दाखवा," दप्तरबाई म्हणाल्या.

त्याने मधल्या कपाटाचं कुलूप काढलं. वरच्या कप्प्यात पिवळट नकारपत्रांचा गठ्ठा होता. "ही आमची. चार वर्षांपूर्वी आली. मोजून घ्या. यात 'पाल्याशी नाते' अशी ओळच नाही. आहे का?"

नव्हती. दप्तरबाईंनी प्रत्येक कागद उलटून पाहिला. एकातही नव्हती.

"शिक्का मारायला हा कागद आला तेव्हा मला खटकलं होतं," कारकून म्हणाला. "पांढरा कागद, नवी छपाई. पण साहेबांची खूण आधीच होती. आपण कशाला मध्ये पडा, म्हटलं. मारला शिक्का." तो कपाटाच्या दारावरचा रंग नखाने खरवडत राहिला. "टकटक म्हणायचे तिला सगळे. कुबड्यांचा आवाज यायचा ना जिन्यावर. मीही म्हणायचो. ती हसायची."

"नवे कागद कुणाकडे येतात?"

"शाळेत येतच नाहीत. वरून थेट समुपदेशकांच्या बॅगेत."

दप्तरबाईंनी दप्तर पाठीला लावलं. पण त्या समुपदेशकांकडे गेल्या नाहीत. कागद कुठून आला हे कळलं होतं, तो कुणासाठी आला हे अजून कळायचं होतं. एखादी जागा रिकामी करायची तर ती कुणाला तरी हवी असणार. त्यांनी गुरुवारच्या यादीचं पान मागवलं. चौदा तारखेला बारातलं एक नाव खोडलेलं होतं. त्याच तारखेला, त्याच शाईत, एक नवं नाव चढलं होतं.

नवं नाव खोडलेल्या मुलीच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीचं होतं.

४

विशेष वर्ग तळमजल्याच्या टोकाला होता, स्वच्छतागृहाला लागून. भिंतींना हाताच्या उंचीवर दोरी बांधलेली. अंधुक दिसणारी मुलं तिला धरून चालत.

शेवटच्या बाकावर एक मुलगी गुणगुणत होती. ती बोलत नसे. गुणगुणायची तेवढी, म्हणून वर्गाच्या बाईंनी तिचं नाव मैना ठेवलं होतं. तिच्या डाव्या मनगटावर दातांच्या खुणांची वळी होती, जुन्या पांढऱ्या आणि नव्या लाल. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे बसायला कुणी गेलं की ती ढकलून देई.

"वर्षभर मागे लागले होते मी," विशेष शिक्षिका म्हणाली. तिचा घसा बसलेला होता. "मैनाला घ्या, मैनाला घ्या. भिंतीवर डोकं आपटायची. दर गुरुवारी समुपदेशकांच्या पाया पडायची बाकी ठेवली होती मी. उत्तर एकच. बारा झाले."

"मग चौदा तारखेला अचानक जागा झाली."

शिक्षिकेने मान वर केली. "तुम्हाला काय म्हणायचंय ते कळलं मला. मी भीक मागितली, बाई. चोरी नाही केली."

"जागा कशी झाली, हे विचारलंत का कधी?"

"नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. मैना शांत झाली होती. सगळा वर्ग शांत झाला होता. आणि ही शेजारी बसणारी, तिचा कधी त्रासच नव्हता. गुणी पोर. मैना चावायला लागली की ही आपला हात पुढे करायची. माझा चाव, म्हणायची."

"तिने?"

"हो. बाही वर करून बघितलंय मी. खुणा आहेत."

"आणि जागा गेल्यावर तिच्यात काही बदल?"

"गप्प गप्प असायची. मला वाटलं, मोठी होतेय."

दप्तरबाईंनी मुलीची वही मागितली. बाकाच्या खणात होती, कव्हर घातलेली, कोपरा न दुमडलेली. त्यांनी पहिलं पान उघडलं. वर उजव्या हाताला, फळ्यावरून उतरवून घेतल्यासारखं, 'सोमवार, दि. ४' असं होतं. पुढच्या पानावर 'मंगळवार, दि. ५'. गोल, स्वच्छ अक्षर.

वाराची चौकट नकारपत्रात नव्हती. मोठं माणूस तारीख लिहिताना वार लिहीत नाही. रोज वहीत तसं लिहायची सवय असलेलं मूल मात्र लिहितं. आणि नातं विचारलं की जे आपलं नातं आहे तेच लिहितं.

मुलगी.

दप्तरबाई त्या रिकाम्या जागेवर बसल्या. मैनाने त्यांना ढकललं नाही. कदाचित त्यांचा चेहरा पाहून असेल.

५

समुपदेशक महिला ग्रंथालयामागच्या खोलीत बसत. खोलीत फाटके नकाशे, मोडका पृथ्वीगोल आणि समोरासमोर दोन छोट्या खुर्च्या. वय तिशीच्या आत. मुलं तिला ताई म्हणत. नऊ शाळा, पाच दिवस, एक बॅग.

दप्तरबाई छोट्या खुर्चीवर बसल्या. "कागद तुमच्या बॅगेतला आहे. अक्षर मुलीचं आहे. सही आईची खरी, पण आई समोर येईल त्यावर सही करते, कारण वाचून सांगणारी लेकच आहे. खाडाखोड नाही, थरथर नाही. तिला कुणी दरडावून लिहायला लावलं असं वाटत नाही. मग मला एवढंच सांगा, ताई. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात तुम्ही नकारपत्र का दिलंत?"

ताईने उठून दार लावलं. परत येऊन बसली तेव्हा तिचे हात मांडीखाली होते.

"तिनेच विचारलं होतं. मैनाला कधी बोलावणार? मी म्हटलं, कुणीतरी सोडलं की. नियमच तसा आहे. बारामधलं नाव कमी कधी होतं? शाळा सोडली तर, नाहीतर पालकांनी नकार दिला तर. बरं झालं म्हणून कमी करता येत नाही, त्याला तीन सह्या लागतात आणि त्या येत नाहीत. ती म्हणाली, मग मी सोडते. मला बरं वाटतं आता."

"बरं वाटत होतं तिला?"

"नाही." ताईने तो शब्द फार हळू उच्चारला. "मला माहीत होतं ना. रात्री पाय दुखले की आईला उठवत नाही, उशी चावते, हे मलाच सांगितलं होतं तिने. आपण नसतो तर आईला दोन पाळ्या कराव्या लागल्या नसत्या, हेसुद्धा. पण मैनाने आदल्या दिवशी खिडकीची काच फोडली होती कपाळाने. माझ्यासमोर दोन मुली होत्या आणि एक खुर्ची. त्यातली एक म्हणत होती, मी उठते."

"आणि तुम्ही उठू दिलंत."

"कागद दिला. म्हटलं, आईची सही आण. मनात म्हटलं, आई वाचेल, नाही म्हणेल, प्रश्न मिटेल." ती हसल्यासारखं करून थांबली. "हेही खोटंच. आईला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या तासाला ती कागद घेऊन हजर. आईने दिली सही? सकाळीच कारखान्याच्या दारात जाऊन आणली, म्हणाली. पाळी सुरू व्हायच्या आधी. आणि निघताना मलाच म्हणाली, ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

बाहेर तास झाल्याची घंटा वाजली. जिन्यावरून मुलं धावत गेली.

"आणखी एक आहे," ताई म्हणाली. "तुम्ही विचारलं नसतंत तर सांगितलं नसतं."

"त्याबद्दल मी अजून काही विचारलेलं नाही."

"ती आली होती. त्या गुरुवारी. हरवली त्याच गुरुवारी, शेवटच्या तासाला. दारात उभी राहिली. ताई, पाच मिनिटं आहेत का? आत मैना होती, रडत होती, माझ्या हाताला चावा घेतला होता तिने. मी मागे वळूनही पाहिलं नाही नीट. म्हटलं, पुढच्या वेळी हं. मग टकटक ऐकू आली, लांब लांब जाताना."

दप्तरबाईंनी वही मिटली.

"बारा हा आकडा कुणी ठरवला, तेही लिहा तुमच्या अहवालात," ताई म्हणाली. "ते परिपत्रक तुमच्याच ऑफिसातून आलंय."

दप्तरबाईंना ते परिपत्रक आठवलं. सहा ओळींचं होतं. साहेबांच्या सहीआधी त्याचं शुद्धलेखन तपासायला त्यांच्याकडेच आलं होतं. त्यांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं आणि बारा या आकड्यावरून नजर तशीच पुढे नेली होती.

६

शिक्षण कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी अहवाल दोनदा वाचला.

"गुन्हेगार कोण मग यात?" त्यांनी विचारलं. "मुलीने स्वतःच भरलं. आईने न वाचता सही केली. आपण लिहू, पालकांचा निष्काळजीपणा. तुमच्या त्या ताईचीही नोकरी वाचेल. पाहिजेय ना तुम्हाला तेच?"

पाहिजे होतं. खोटं कशाला बोला. ताई गेली तर नऊ शाळांतल्या शंभरावर मुलांचा गुरुवार किंवा मंगळवार बुडणार होता, आणि हे पद आधी एकदा दीड वर्ष रिकामं राहिलेलं होतं. पण पावाच्या कारखान्यात एक बाई रोज एकटी डबा खात होती.

"आईचा दोष नाही," दप्तरबाई म्हणाल्या. "ते वाक्य राहील. कागद कुणी दिला, खूण कुणी केली, शिक्का कुणी मारला, तेही राहील. आणि परिपत्रकाखाली शुद्धलेखन तपासणाऱ्यांत माझं नाव आहे, तेही घातलंय. पान सात."

"मूर्खपणा आहे हा."

"असेल."

तीन आठवड्यांत निकाल लागला. मुख्याध्यापकांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी खणात ठेवली. कारकुनाची बदली झाली. विशेष शिक्षिकेला कुणी काही विचारलं नाही. ताईला कामावरून कमी केलं. नोकरी गेलेली ती एकटीच, आणि त्या नऊ शाळांत मुलांशी बोलायला येणारीही ती एकटीच होती. पान सात अहवालातून गळून पडलं. ग्रंथालयामागच्या खोलीला कुलूप लागलं आणि दारावर कागद आला, 'पद रिक्त. पुढील आदेशापर्यंत सेवा बंद.' प्रलंबित प्रकरणं शून्यच राहिली, कारण आता यादीच नव्हती.

दप्तरबाई अहवालाची आणि निकालाची प्रत घेऊन दवाखान्यात गेल्या. आईला वाचून दाखवणारं दुसरं कोण होतं?

मुलगी भिंतीकडच्या खाटेवर होती. डॉक्टरीणबाईंशी ती आता पाटीवर लिहून बोलायची, पण आवाज अजून निघाला नव्हता. खाटेला नव्या कुबड्या टेकवलेल्या होत्या, अजून मेणकापडात.

दप्तरबाईंनी हलक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. आईचा काही दोष नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. आईने पदर तोंडाशी धरला. मग अक्षर कुणाचं ते आलं. आईने लेकीकडे पाहिलं.

"तू भरलास तो कागद?" ती म्हणाली. "माझ्या पुढ्यात ठेवलास तेव्हा सहलीचा आहे म्हणालीस गं मला. मी म्हटलंसुद्धा, जा, चार दिवस मजा कर."

मुलगी छताकडे बघत होती. दप्तरबाई पुढे वाचत गेल्या. शिक्षा कुणाला झाली, तेही वाचलं. थांबल्या असत्या तर बरं झालं असतं, पण अर्धवट वाचायची त्यांना सवय नव्हती.

"गुरुवारी," खाटेवरून आवाज आला. खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला. आई अर्धी उठली. डॉक्टरीणबाई दारातच थबकल्या. "गुरुवारी मैनाजवळ कोण बसतं?"

नवीन ताई येणार आहेत, असं सांगता आलं असतं. दप्तरबाईंच्या ओठांवर ते आलंही. पण या मुलीशी मोठ्या माणसांचं असलं बोलून झालं होतं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "खोली बंद आहे, बाळा."

मुलीने मेणकापडातल्या कुबड्यांकडे पाहिलं. मग ती आईकडे वळली, घरातली एखादी चूक कबूल करावी तशी.

"मग माझी जागा मी उगाचच सोडली, आई."